लेकरांच्या हाती मोबाईल : केव्हा आणि कसा?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला धम्मावर बोलावे, बाबासाहेबांच्या कार्यावर बोलावे, अशी आपली पद्धत आहे. समितीने आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले की या खेपेस मोबाईलवर बोलणार. काही जण हसले. पण कारण तसेच आहे. आपल्या विहारात रोज संध्याकाळी तीन ते सहा वर्षांच्या लेकरांचा बालवर्ग भरतो आणि वरच्या खोलीत मोठ्या मुलामुलींची अभ्यासिका चालते. एका देणगीदार बंधूंनी बालवर्गासाठी दहा टॅब देऊ केले आहेत. देणगी मनापासून दिलेली आहे, त्याबद्दल त्यांचे आभार मानलेच पाहिजेत. पण ते टॅब बालवर्गाला द्यायचे की नाही, हा प्रश्न दोन बैठका नुसता पडून आहे. दोन्हीकडून आवाज चढले, चहा गार झाला आणि निर्णय काही झाला नाही. म्हणून आमचे मत सर्वांच्या समोर एकदा मांडावे, म्हणून उभे राहिलो. आम्ही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. सूतगिरणीत धागा जोडून पोट भरणारे आम्ही. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले.

पहिल्यांदा जे "टॅब घ्याच" म्हणतात त्यांची बाजू सांगतो, कारण ती बाजू आम्हाला आतून कळते. एक आई बैठकीत म्हणाली, "त्यांची पोरं दोन वर्षांची असल्यापासनं हे सगळं हाताळत्यात, आणि आमच्याच पोरांनी पाटी घासत बसायचं व्हय?" हा प्रश्न रागाचा आहे आणि तो राग उगीच आलेला नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गुरुजींनी बाल भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा वर्गातली मुले धावत सुटली, कारण फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. डबे बाजूला काढल्यावरच भीमराव फळ्यापर्यंत पोहोचले. फळा, खडू, पाटी हे त्या काळातले शिक्षणाचे तंत्रज्ञानच होते. त्याला हात कोणी लावायचा, हे जातीने ठरवलेले होते. याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवले. साधन कोणाच्या हातात आहे याची किंमत आपल्या समाजाइतकी कोणाला कळणार?

म्हणून कोणी पांढरपेशा गृहस्थ येऊन आम्हाला उपदेश करू लागला की यंत्रे वाईट, पोरांना मातीत खेळवा, तर आम्ही आधी विचारतो, तुमचा नातू कुठे शिकतो आणि त्याच्या टेबलावर काय आहे?

एवढे सांगून आम्ही स्पष्ट म्हणतो की बालवर्गाला टॅब नकोत. आणि तितक्याच स्पष्टपणे म्हणतो की पाचवीपासून पुढच्या एकाही मुलाला, विशेषतः एकाही मुलीला, संगणकाविना ठेवता कामा नये. ही दोन्ही मते एकाच तोंडातून कशी निघतात ते सांगतो.

आमच्या खात्यातली गोष्ट घ्या. गिरणीत नवा शिकाऊ पोरगा आला की त्याला पहिल्याच दिवशी चालू रिंग फ्रेमवर कोणी उभे करत नाही. आधी तो डॉफरबरोबर फिरतो, बॉबिनी उचलतो, पेळू हाताळतो, तुटलेला धागा बोटांनी जोडायला शिकतो. पीळ जास्त झाला की कमी, हे डोळ्याच्या आधी बोटाला कळते. मग त्याला यंत्र मिळते. पुढे ऑटोकोनर आले. हे यंत्र धाग्यातला दोष आपले आपण ओळखते, तेवढा तुकडा कापते आणि हवेच्या झोताने दोन टोके सांधते. माणसाने फक्त दिवा लागला की जायचे. ज्यांनी आधी हाताने धागा जोडला होता, ते दिवा बघून सांगायचे की बॉबिन खराब आहे, की सुतातच खोट आहे, की यंत्राची सुरी बोथट झाली आहे. जे थेट ऑटोकोनरवर आले ते बटण दाबायचे. पुन्हा दिवा लागायचा, पुन्हा बटण दाबायचे. पगार दोघांचाही सारखाच होता म्हणा! पण यंत्र अडले की फोरमन हाक कोणाला मारायचा, ते इथे बसलेल्या गिरणीवाल्यांना माहीत आहे.

तीन-चार वर्षांचे लेकरू म्हणजे हा शिकाऊच. त्याचे हात अजून तयार व्हायचे आहेत, जीभ तयार व्हायची आहे. मूल बोलायला शिकते ते बोलण्याला उत्तर मिळते म्हणून. ते 'मम' म्हणते, आई 'पाणी पाहिजे का रे' म्हणते, ते मान हलवते, आई पेला पुढे करते. ही देवाणघेवाण दिवसातून शंभरदा होते तेव्हा भाषा येते. मोबाईल बोलतो भरपूर, पण लेकराचे ऐकून घेत नाही. आपल्या बालवर्गात साडेतीन वर्षांचे एक लेकरू आले होते. इंग्रजीत रंगांची नावे घडाघडा म्हणायचे, घरच्यांना केवढे कौतुक! पण तहान लागली की 'पाणी' म्हणायचे नाही, ताईंचा हात धरून माठाकडे ओढत न्यायचे. ताईंनी आधी कान तपासून घ्यायला लावले, कान चांगले होते. मग घरी बसून समजावले, मोबाईल काढून घेतला, आजीला रोज बोलत बसायला सांगितले. आता बोलते. हे सगळे एकट्या मोबाईलमुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. त्या घरात दिवसभर लेकराशी बोलायला मोकळे माणूसच नव्हते, आणि रिकाम्या जागेत मोबाईल शिरला.

इथे आयांना दोष देणाऱ्यांना आम्ही थांबवतो. एका खोलीचे घर, नवरा रात्रपाळी करून झोपलेला, बाई चार घरची धुणी-भांडी करून आलेली, चुलीपुढे लेकरू रडायला लागले की ती काय करील? "मोबाईल दिल्याशिवाय घासच गिळत न्हाई बघा," असे ती सांगते तेव्हा तिच्यापुढे दुसरा उपाय कोणी ठेवलेला नसतो. ज्यांच्या घरी सांभाळायला बाई आहे, अंगण आहे, गोष्टींची पुस्तके आहेत, त्यांना मोबाईल दूर ठेवणे सोपे आहे. उद्या असे होईल की श्रीमंताच्या लेकराला माणूस मिळेल आणि गरिबाच्या लेकराला स्क्रीन. फळ्याच्या वेळी साधन आमच्यापासून दूर ठेवले. आता साधन आमच्या पदरात टाकून माणूस काढून घेतील. टॅबची देणगी मिळते, पण बालवर्गाला दुसऱ्या ताई ठेवायला देणगी मिळत नाही, याचा अर्थ आपण नीट लावला पाहिजे.

वयाबद्दल डॉक्टर मंडळी काय म्हणतात तेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासाच्या वर नको, कमी असेल तितके बरे. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे म्हणणेही असेच: दोन वर्षांपर्यंत नको, दोन ते पाचपर्यंत फार तर एक तास, तोही मोठे माणूस शेजारी असताना, आणि पाच ते दहापर्यंत दोन तासांच्या आत. आता आपल्या घरांत तो तास सकाळच्या दुधाबरोबरच संपलेला असतो. मग विहारातही आणखी तास कुठून आणायचा?

तथागतांनी राहुलला कसे शिकवले ते आठवा. राहुल सात वर्षांचा असताना संघात आला असे परंपरा सांगते. या कोवळ्या श्रामणेराला खोटे न बोलण्याचे महत्त्व समजावताना तथागतांनी समोरचे पाण्याचे भांडे घेतले. त्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवले, ते फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा उलटे करून रिकामे दाखवले आणि प्रत्येक वेळी विचारले, हे पाहिलेस का? पुढे आरशाचे उदाहरण घेतले: आरसा कशासाठी असतो? स्वतःला पाहण्यासाठी, तसेच कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर स्वतःला पाहावे. बघा, साधन तथागतांनीही वापरले. पण साधन रोजच्या वापरातले, हातात घेता येईल असे, आणि शिकवणारा समोर बसलेला, प्रश्न विचारणारा.

आपल्या महाराष्ट्रातच ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या गरीब मुलांसाठी बालवाडीचे काम सुरू केले, पुढे कोसबाडला अनुताई वाघांनी ते वाढवले. माँटेसरीचे महागडे साहित्य आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने, माती यांतून मोजायला आणि ओळखायला शिकवले. आपल्या बालवर्गात चिंचोके आहेत, गोट्या आहेत, सुताच्या रिकाम्या बॉबिनी तर आम्ही पोतेभर आणून देऊ. बॉबिनीत बॉबिन अडकवून पोरं मनोरे करतात, ते पडतात, पुन्हा करतात. आम्ही एकदा तासभर बघत बसलो होतो. पडलेला मनोरा पुन्हा कसा उभा करायचा यावर दोन लेकरांचे भांडण झाले, समेट झाला आणि तिसऱ्याने खाली रुंद पाया घालून दाखवला. याला आम्ही तंत्रशिक्षणाची सुरुवात म्हणतो.

आता २०२० सालचे बोलू. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. जूनमध्ये राज्य सरकारने पहिली-दुसरीला ऑनलाइन वर्ग नकोत असे ठरवले आणि जुलैत ते बदलून बालवाडीपासून रोज अर्ध्या तासाची मुभा दिली. आपल्या वस्तीत काय झाले ते आपण सर्वांनी बघितले आहे. घरात एक मोबाईल, तो बापाबरोबर कामावर. तीन भावंडांत एक मोबाईल आला की तो थोरल्या मुलाला, मग धाकट्याला, पोरीचा नंबर शेवटी. आणि पहिलीतले लेकरू त्या चिमुकल्या चौकोनात बाईंना शोधत बसलेले. त्याच जुलैत दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. ती आम्हाला आवडली. त्यात घरातल्या वस्तू घेऊन, परसात जाऊन करायच्या गोष्टी असत. टीव्ही बंद झाल्यावर पोरं पाने गोळा करायला पळत. टीव्ही सगळ्यांचा, बघायला आजीही बसलेली, आणि खरे काम टीव्ही बंद झाल्यावर. लहान मुलांना तंत्रज्ञान कसे द्यावे याचा नमुना आमच्या मते यात आहे.

यंत्र पोराच्या हातात दिले की ते आपोआप शिकेल, ही समजूत जुनी आहे. २००७ साली कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्यातल्या एकशिक्षकी शाळेत मुलामागे एक लॅपटॉप ही जागतिक योजना भारतात पहिल्यांदा आली. चांगल्या हेतूने आली. याच योजनेखाली पेरू देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. २०१२ साली तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गणितात आणि भाषेत काही फरक पडलेला दिसला नाही. मुलांना यंत्र वापरता आले, पण वाचता जेवढे येत होते तेवढेच राहिले. स्वीडनसारख्या श्रीमंत देशाने बालवाडीत डिजिटल साधने सक्तीची करण्याचा नियम मागे घेण्याचे २०२३ साली जाहीर केले आणि छापील पुस्तकांवर पैसा लावला. त्यांना यंत्र परवडत नव्हते अशातला भाग नाही.

उलट सोलापूर जिल्ह्यातले उदाहरण बघा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड लावले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यांनी पुरस्काराची अर्धी रक्कम अंतिम यादीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. आज बालभारतीच्या पुस्तकांवर तसे कोड आहेत. यातली खुबी अशी की मूळ वस्तू पुस्तकच राहते. कविता अडली, चाल कळली नाही, की मोठ्या माणसाने आपल्या मोबाईलवर तो चौकोन धरायचा, दोघांनी मिळून ऐकायचे आणि मोबाईल खिशात टाकायचा. पहिली ते चौथीला एवढे पुरे आहे.

तर मग केव्हा? आमचे मोजमाप वयापेक्षा वाचनाचे आहे. मूल मराठीतले पान न अडखळता वाचते, वाचलेले आपल्या शब्दांत सांगते, आणि "हे असं का?" म्हणून प्रश्न विचारते, तेव्हा ते यंत्राजवळ काही मागायला जाऊ शकते. तोवर यंत्रच त्याला जे द्यायचे ते देत राहते. बहुतेक मुलांचे हे तिसरी-चौथीत व्हावे. २०२१ सालच्या सरकारी निपुण भारत मोहिमेचे उद्दिष्टही तिसरीपर्यंत वाचन आणि अंकज्ञान हेच आहे. २०२०च्या नव्या शैक्षणिक धोरणातही संगणकाची आज्ञावली लिहिणे, ज्याला कोडिंग म्हणतात, ते सहावीपासून धरले आहे. असे असताना सहा वर्षांच्या पोराला कोडिंगचा महागडा क्लास लावा म्हणून जाहिराती येतात, आणि आपला एखादा बांधव भिशी मोडून पैसे भरायला निघतो. त्याने त्या पैशात घरी तीस-चाळीस पुस्तके आणावीत.

पाचवीनंतर मात्र हयगय नको. आज शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, अकरावीचा प्रवेश, पुढची प्रवेश परीक्षा, सगळे संगणकावर आहे. आपला पोरगा सायबर कॅफेवाल्याला पन्नास रुपये देऊन अर्ज भरतो आणि अर्जात काय लिहिले ते त्याला ठाऊक नसते. आमच्या डोळ्यांसमोर अशी एका मुलीची शिष्यवृत्ती एका चुकीच्या खुणेने गेली. 'असर'च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिकांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. आणि ज्यांना वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असणारे मुलगे ३६ टक्के, मुली २७ टक्के. म्हणजे घरात यंत्र आले तरी सावित्रीच्या लेकी पुन्हा मागच्या बाकावर. म्हणून अभ्यासिकेत संगणकाच्या वेळा ठरवताना पहिला हक्क मुलींचा असावा, आणि 'पोरीला कशाला' असे म्हणणाऱ्या बापाला समितीने घरी जाऊन भेटावे.

ते दहा टॅब देणगीदार बंधूंची परवानगी घेऊन वरच्या खोलीत ठेवावेत. टॅबला कळफलक जोडावेत, कारण नुसते बोट फिरवून लिहिणे येत नाही. एका टॅबपुढे दोन मुले बसवावीत. एकाने चालवायचे, दुसऱ्याने विचारायचे, मग अदलाबदल. मराठी टंकलेखन शिकवावे, शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरायला लावावा, आणि मिळालेली माहिती कोणी लिहिली, कशावरून लिहिली, हे वहीत नोंदवायला लावावे. बाबासाहेबांच्या नावाने मोबाईलवर काय काय खोटे फिरते ते आपण जाणतो. पोरांनी ते पकडून दाखवले तर आम्हाला मोठे समाधान होईल. टॅब घरी न्यायचे नाहीत, रात्री कुलपात.

राहिला घरातला प्रश्न. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२च्या पंधरा ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. सुरुवातीला पुरुष मंडळी हसली म्हणतात. मग शिक्षक, अंगणवाडी सेविका घरोघर फिरल्या. आम्हा गिरणीवाल्यांना भोंग्याचे काय नवल! १९०६ सालची शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली, तोवर तिच्या भोंग्यावर अर्धे कोल्हापूर घड्याळ लावत होते. तो भोंगा आम्हाला यंत्राकडे बोलवायचा. वडगावचा भोंगा लोकांना यंत्रापासून उठवतो. पण त्यात अट एकच, बापानेही मोबाईल खाली ठेवला पाहिजे. पोरांना अभ्यासाला बसवून आपण क्रिकेट बघत बसलो तर तो भोंगा नुसता आवाज.

आपल्या विहारात घंटा आहे. ती रोज सातला वाजवावी, साडेआठपर्यंत वस्तीतले मोबाईल बंद राहावेत, आणि त्या वेळात प्रत्येक वारी एका मोठ्या माणसाने बालवर्गात बसून लेकरांना गोष्ट सांगावी, असा ठराव आम्ही समितीपुढे ठेवत आहोत. लिहिता-वाचता येत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. आजीबाईंना बालवर्गात सगळ्यात जास्त मान आहे. सोमवार, बुधवार, गुरुवार आणि शनिवार यांची नावे आली आहेत, रविवारी आम्ही स्वतः येतो. मंगळवार आणि शुक्रवार अजून रिकामे आहेत. भोजनदानाला बसण्याआधी सचिवांच्या वहीत नाव लिहावे.

नमो बुद्धाय, जयभीम.